त्यांना सवय असते

‘त्यांना सवय असते हो,’ असं म्हणून त्या गृहस्थांनी माझ्या भाचीचा फोन तिला परत दिला आणि ते पुन्हा चाकांकडे वळले.

फोनवरचा तो फोटो तुम्ही पाहिलेला आहे. दर पावसाळ्यात तो येतोच. आडवा बांबू, त्याला गाठ मारलेली चादर, चादरीबाहेर आलेलं एक पाऊल, पुढेमागे खांदा दिलेले दोघे आणि डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन बाजूने चालणारी एक म्हातारी. पाड्याचं नाव बदलतं, ओढ्याचं बदलतं. बांबू मात्र तोच असावा, अशी मला अलीकडे शंका येते.

आम्ही ठाण्यात बाबागाडीच्या दुकानात होतो. दुकानातला मुलगा तिला ‘स्ट्रोलर’ म्हणत होता. मी तीनदा बाबागाडी म्हणाले, त्याने तीनदा आदराने मान हलवली आणि चौथ्यांदा स्ट्रोलरच म्हणाला. असो. भाचीला चार महिन्यांची लेक आहे आणि घोडबंदर रोडला घर आहे. यातली पहिली गोष्ट सांभाळायला सोपी. जव्हारहून मला खास बोलावून घेतलं होतं, कारण मी गणिताची शिक्षिका होते आणि गणिताच्या बाईंना किमती चांगल्या कळतात असा आमच्या घरात समज आहे.

ते गृहस्थ सुनेबरोबर आले होते. नातवाच्या पाठीला धक्का बसू नये म्हणून अर्धा तास त्यांनी एकेक स्प्रिंग दाबून पाहिली. एका चाकाखाली स्वतःचं पेन आडवं ठेवून गाडी पुढेमागे केली आणि सुनेला आत हात ठेवायला सांगितला. ‘जाणवतं का? जाणवतं का?’ माझी काही तक्रार नाही, आजोबांनी असंच असावं. पण पेनाच्या जाडीएवढ्या उंचवट्याने ज्यांचा जीव खालीवर होतो, त्यांना बाळंतकळा सोसणारी बाई बांबूला लटकवून ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडांवरून नेलेली दिसते आणि सुचतं ते एवढंच, की सवय असते.

कोणाला असते? डोलीतली पोरगी पहिलटकरीण असेल तर तिला ही सवय लागली कधी? सातव्या महिन्यात सराव घेतात की काय? सोमवारी ओढ्यापर्यंत, गुरुवारी खिंडीपर्यंत, आशाताई शिट्टी वाजवणार? की ही सवय जन्माआधीच लागते आणि पोटातलं बाळ हेलकाव्यांवरून ओळखतं की आपण मोखाड्यात आहोत, तेव्हा कुरकुर नको? 2022 च्या ऑगस्टमधली बोटोशीची मर्कटवाडी आठवत असेल. जुळी बाळं गेली आणि रक्तस्राव होत असलेल्या आईला तीन किलोमीटर डोलीतून आणावं लागलं. त्या जुळ्यांना सवय लावून घ्यायला जरा कमी वेळ मिळाला.

सवयीसारखं स्वस्त खातं सरकारदरबारी दुसरं नसेल. तिला निविदा लागत नाही, डांबर लागत नाही, कंत्राटदार पळून जात नाही. उद्घाटनाची पाटीही नको. (माझा पाट्यांवर राग आहे हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. जिथे रस्ता संपतो तिथे पाटी हटकून शाबूत असते.) शिवाय सवयीत एक कौतुकही मिसळता येतं. ‘काटक असतात ती माणसं!’ असं म्हटलं की म्हणणाऱ्याला आपण काहीतरी दिल्यासारखं वाटतं. जव्हारला पावसाळ्यात फिरायला येणारे हे वाक्य धबधब्याकडे पाठ करून, सेल्फी काढता काढता म्हणतात. त्यांच्या मते आमचा तालुका निसर्गरम्य आहे. निसर्गरम्य म्हणजे जिथे आपल्याला आजारी पडायचं नसतं अशी जागा.

आणि सवयीचं हे औषध नेहमी एकाच दिशेने का द्यायचं? मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण 2012 मध्ये पुरं झालं. 102 मीटर उंच, दिवसाला 455 दशलक्ष लिटर पाणी मुंबईला. बांधताना कोणी मुंबईकरांना म्हणालं नाही की बाबांनो, तुम्हाला कमी पाण्याची सवय आहे, तीच चालू ठेवा. तिथे गरज मोजली, दरी मोजली, नळ मोजले. त्याच तालुक्यात एप्रिल-मे उजाडला की पाड्यातल्या बायका टँकरची वाट बघत बसतात, आणि टँकर येईल तिथवर रस्ता नसेल तर झऱ्याची. डोक्यावर हंडा, पाठीला फडक्यात बांधलेलं लेकरू. त्यांचं मोजमाप झालेलं आहे. सवय आहे, असं.

रस्ता न करण्याच्या बाकीच्या सबबी आहेतच. लोकसंख्या निकषात बसत नाही: पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा निकष सपाटीला 500 आणि आदिवासी-डोंगराळ भागात 250 माणसांचा, आणि आमचे कित्येक पाडे त्याहून लहान. जमीन वनखात्याची: पण 2006 च्या वनहक्क कायद्यानेच ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यासाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन वळवता येते. पावणेचार मीटर रुंदीचा रस्ता धरा आणि भागाकार करा, अडीच किलोमीटरच्या वर जातो. हे गणित सातवीच्या मुलांना येतं. पुढे जाऊ.

बाबागाडी. भाचीला आवडली होती ती मोठी, रबरी चाकांची, पाळण्यासारखी. तिच्यात बाळ सपाट झोपतं, आणि मान धरलेली नसताना ते हवंच. पण वजन बारा किलो. मी तिला म्हटलं, आधी तुझ्या घरून बागेपर्यंत काय काय लागतं ते सांग. तिने सांगितलं: लिफ्ट, तीन पायऱ्या, गेटबाहेर उघडं गटार, मग पदपथ, त्यावर विजेची पेटी, मग दुचाक्या चढू नयेत म्हणून रोवलेले खांब. त्या खांबांमधून दुचाकी जाते, बाबागाडी अडते. आणि सगळीकडे पेव्हर ब्लॉक. पेव्हर ब्लॉकबद्दल मी या स्तंभात किती वेळा लिहिलं आहे ते मोजायचं मी सोडून दिलं आहे. लहान चाक त्यांच्या फटीत नेमकं बसतं, जणू माप देऊनच केलंय. रस्ते बांधणाऱ्यांच्या स्वतःच्याच पुस्तकात, आयआरसी 103 मध्ये, चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी आणि काठाची उंची 150 मिलिमीटरच्या आत असं छापलेलं आहे. मी भाचीला टेप घेऊन मोजायला सांगितलं असतं, पण तिच्या कडेवर बाळ होतं.

तर शहरातल्या बाबागाडीचा मुख्य गुण म्हणजे ती उचलता येणं. चालणं नंतर. एका हाताने मिटली पाहिजे, कारण दुसऱ्या हातात जिच्यासाठी ती घेतली ती असते. पाच-सहा किलोच्या आत हवी. पट्टे खांद्यावरून, कमरेवरून आणि पायांमधून असे पाच ठिकाणी हवेत. पाठ पूर्ण आडवी होणारी हवी. लिफ्टच्या दाराचं माप घरून घेऊन जावं, गाडी असेल तर डिकीचंही. दुकानाच्या फरशीवर सगळ्याच बाबागाड्या हंसासारख्या चालतात.

छत्रीसारखी मिटणारी ही बाबागाडी काढली ओवेन मॅक्लारेन नावाच्या इंग्रज अभियंत्याने, 1965 मध्ये. हा माणूस स्पिटफायर विमानाच्या मिटणाऱ्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला. लेक परदेशातून नातीला घेऊन आली, तिची ती अवजड गाडी उचलताना सगळ्यांची दमछाक झाली. त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्या घेतल्या आणि तीन किलोच्या आतली गाडी केली. ‘होईल तुला सवय, बाळ’ असं म्हणून पेपर उघडला असता तरी कोणी त्याला बोल लावला नसता.

दुकानातल्या मुलाने मग आम्हाला दुसरा पर्याय दाखवला: बाळाला अंगाशी बांधायचं कापड. डब्यात घडी घातलेलं, सोबत वापरण्याची पुस्तिका, किंमत चार आकडी. आईच्या अंगाची ऊब, हृदयाचे ठोके, बाळ शांत राहतं, अशी माहिती त्याने पाठ म्हटली. सगळी खरी आहे. आमच्याकडे कातकरी, वारली, कोकणा बाया जुन्या लुगड्याच्या फडक्यात तेच करतात, पुस्तिकेशिवाय. पण म्हणून मी ‘बघा, आपल्या आदिवासी माउलीला हे आधीच ठाऊक होतं’ असला गोड लेख लिहिणार नाही. असे लेख फार झाले. तिच्या पाठीवर लेकरू असतं त्यात ऊब असते आणि शिवाय घरी ठेवायला कोणी नसतं. दिवाळीनंतर तीच बाई वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर जाते, आणि भाची राहते तसल्या इमारती उभ्या राहत असताना खालच्या मजल्यावर दोन खांबांमध्ये साडीची झोळी टांगलेली दिसते. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर. पन्नासपर्यंत झोळी चालायची.

मी फार चढ्या आवाजात लिहिते आहे हे मला कळतं आहे. तेव्हा हेही लिहून टाकते. आमच्या वावर-वांगणीला 1992 मध्ये कुपोषणाने सव्वाशेच्या आसपास मुलं गेली, त्यानंतरच्या एका वर्षी माझ्या वर्गात चौथीतली एक मुलगी धाकट्या भावाला काखेत घेऊन यायची. आई-बाप कामावर. भावाचं वजन तिच्या निम्मं तरी असेल. ती कमरेत वाकडी होऊन फळ्यावरची गणितं उतरवायची आणि तो तिची वेणी चावायचा. पट भरलेला दिसतो म्हणून मी खूश. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, ‘ही अशीच बसते दिवसभर?’ मी काय उत्तर दिलं असेल? तेच. दोन शब्द जास्त होते, ‘साहेब’ आणि ‘तिला’. त्यांनीही मान हलवली आणि चहा घेतला. ती मुलगी पाचवीत आली नाही. कुठल्या अक्षरात मी तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलं ते मला अजून दिसतं, पण एवढंच. त्याने तिचं काही झालेलं नाही.

शेवटी आम्ही साडेपाच किलोची करड्या रंगाची बाबागाडी घेतली. दुकानातून टॅक्सीपर्यंत ती भाचीने खांद्याला लटकवून नेली, बाळ माझ्या कडेवर. दिवाळीला घेऊन येते म्हणाली. ये म्हटलं. जव्हारच्या बाजारात नवे पेव्हर ब्लॉक बसलेत.

त्या गृहस्थांनी मोठी घेतली. बारा किलोची, रबरी चाकांची, दारातून नेताना दुकानातल्या दोघांना दोन्ही झडपा उघडाव्या लागल्या. बिल होईपर्यंत ते सांगत होते की त्यांची इमारत जुनी आहे, 1970 च्या आसपासची, चौथा मजला, लिफ्ट आहे पण ती जाळीच्या दाराची, दोन माणसं उभी राहिली की झालं. ‘पण बांधकाम काय भक्कम!’ म्हणाले.

दाराचं माप घेतलंय का, हे मी त्यांना विचारलं नाही.