खुर्चीवरील नमाज आणि मनातील सल

पायाच्या धमन्या अरुंद झाल्या की चालताना पोटरीत गोळा येतो आणि थांबल्यावर वेदना शमते. आजार बळावला की विश्रांतीतही पाय ठणकतो, बोटावरची जखम भरत नाही आणि पाय गमावण्याचे भय उभे राहते. अशा वेळी शल्यचिकित्सक अनेकदा रुग्णाच्याच पायातील शीर वापरून, बंद पडलेल्या धमनीला वळसा घालणारी नवी वाट रक्ताला करून देतात. मांडीपासून पोटरीपर्यंत टाके पडतात. रक्त पुन्हा वाहू लागते. सूज मात्र कित्येक आठवडे राहते. बसताना पाय उंच ठेवा, गुडघा फार वेळ दुमडू नका, रोज थोडे थोडे चाला, असे बजावले जाते.

नेमका येथेच श्रद्धावंत रुग्णाच्या मनात सल उत्पन्न होतो. आयुष्यभर सफमध्ये उभा राहिलेला माणूस खुर्चीवर बसून इशाऱ्याने सजदा करतो, तेव्हा आपली इबादत उणी पडली असे त्याला वाटते. काही जण टाके ताणून उभे राहतात, ओल्या जखमेवर वुजूचे पाणी घेतात आणि घरचे लोक त्यांच्या ईमानाचे कौतुक करतात. हे कौतुक रास्त आहे काय?

हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी नमाजविषयी विचारले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की उभे राहून अदा करावी, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर पडून. दुसऱ्या एका हदीसमधील प्रसंग अधिक कठोर आहे. डोक्याला जखम झालेल्या एका माणसाने तयम्मुमची सवलत विचारली. सोबत्यांनी ती नाकारली. त्याने गुस्ल केले आणि तो मरण पावला. हे कळताच प्रेषितांनी (स.) त्या सोबत्यांवर तीव्र संताप व्यक्त केला. ज्याला आपण धर्मनिष्ठा समजतो, ते कधी कधी अज्ञान असते, हे यातून उघड होते.

उर्वा बिन जुबैर (रह.) यांचे उदाहरण सब्रसाठी नेहमी दिले जाते. प्रवासात त्यांचा पाय सडू लागला आणि तो कापावा लागला. त्याच प्रवासात एक पुत्रही गेला. तरीही उरलेल्या अवयवांसाठी त्यांनी अल्लाहचे आभार मानले. मात्र त्यांनी उपचार नाकारला नव्हता, ही गोष्ट आपण विसरतो. वैद्यांचा निर्णय त्यांनी स्वीकारला. सब्र म्हणजे टाळता येणारी इजा ओढवून घेणे नव्हे. जे टळत नाही ते तक्रारीविना पेलणे होय.

मुळात उभे राहण्याचा आदेश ज्याचा आहे, बसण्याची परवानगीही त्याचीच आहे. ती नाकारणारा अल्लाहच्या आज्ञेऐवजी स्वतःच्या प्रतिमेला जपत असतो. निरोगी असताना जी सत्कर्मे माणूस करीत होता, ती आजारपणातही त्याच्या नावे लिहिली जातात, असे हदीसमध्ये आले आहे. मग उणेपणा कसला? पट्टीवरील मसह आणि तयम्मुम यांचे तपशील हनफी व शाफई मसलकांत भिन्न आहेत. ते आपल्या आलिमांना विचारून घ्यावेत.

याच विचाराची दुसरी बाजूही आहे. सवलत गरजेपुरतीच असते. पायात बळ आले की खुर्ची सोडावी. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मशिदीकडे चालत जाणे ही इबादतही आहे आणि उपचारही. तसेच या आजाराचे एक मोठे कारण तंबाखू आहे. टाके ओले असताना उभे राहण्याचा हट्ट धरणारा माणूस बरा झाल्यावर पुन्हा विडी शिलगावत असेल, तर त्याने शरीर ही अमानत आहे हे ओळखलेलेच नाही. धूर त्या नव्या वाटेलाही बंद करू शकतो. सुटलेली विडी, आटोक्यात ठेवलेली साखर, वेळेवर घेतलेली गोळी आणि रोज तपासलेला तळपाय हाही त्या अमानतीचा हिशेब आहे.

घरात असा रुग्ण असेल तर त्याच्या जिद्दीचे कौतुक करण्यापेक्षा त्याची खुर्ची किब्ल्याकडे वळवून द्या आणि त्याच्या मनातील सल काढा. अल्लाह सर्व आजारी बंधू-भगिनींना शिफा देवो आणि त्याची सवलत कृतज्ञतेने स्वीकारण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.