पाचारण कोणाचे?

(शास्त्रपाठ : अनुवाद २०:५-८, प्रेषितांची कृत्ये १३:१३)

इस्राएल लोक लढाईस निघत तेव्हा याजकाचे भाषण आटोपल्यावर अंमलदारांनी पुढे होऊन एक काम करावयाचे असे. ज्याने नवे घर बांधले पण अद्याप त्याचे समर्पण केले नाही, ज्याच्या द्राक्षमळ्याचे पहिले फळ त्याच्या मुखी पडले नाही, ज्याची मागणी होऊन लग्न राहिले, अशा प्रत्येकास घरी जाण्याची मोकळीक आहे, हे त्यांनी मोठ्याने सांगावयाचे. आणि सर्वांच्या शेवटी, ज्याच्या मनात भय असेल त्यानेही परत जावे, असे सांगावयाचे. गिदोनाच्या वेळी ह्याच रीतीने २२,००० माणसे परत फिरली व १०,००० राहिली. जे फिरले त्यांस कोणी भ्याड म्हटल्याचे आम्हांस शास्त्रात आढळत नाही.

हा पाठ आज घेण्याचे कारण अमेरिकेतील युटा संस्थानात आहे. तेथे ज्यांस लोक मॉर्मन म्हणतात त्या मंडळीची पुष्कळ वस्ती आहे. जोसेफ स्मिथ ह्याने ती मंडळी १८३० साली न्यूयॉर्क संस्थानात स्थापिली. पवित्र शास्त्राबरोबर मॉर्मनचे पुस्तकही ती देववचन मानते. हे आम्हांस मान्य नाही, व त्याविषयी आज अधिक लिहीत नाही. आज पाहावयाचे ते एवढेच की, त्या मंडळीतील तरुणांपुढे एक प्रश्न उभा राहतो : सुवार्तेच्या सेवेस जावे किंवा न जावे? मुले चोवीस महिने जातात, मुली अठरा महिने. २०१२ सालापासून मुलांस अठराव्या वर्षीच जाता येते. कोठे जावयाचे हे तरुण स्वतः ठरवीत नाही. पत्र येते, त्यात देशाचे नाव असते. छातीवर नावाची काळी पट्टी लावून ते जोडीजोडीने फिरतात. वेतन नाही, उलट खर्च घरचा. अमेरिकेतील कुटुंबासाठी १ जुलै २०२० पासून दरमहा ५०० डॉलर ठरविण्यात आले, म्हणजे चोवीस महिन्यांचे १२,००० डॉलर झाले. पुष्कळ मुले लहानपणापासून त्यासाठी पैसे साठवितात.

ह्या रिवाजामागे मोठा इतिहास आहे. १८३९ च्या सप्टेंबरात ब्रिगॅम यंग व हीबर किंबल हे दोघे इंग्लंडास जाण्यास निघाले, तेव्हा ते हिवतापाने इतके खंगले होते की धड उभे राहवत नव्हते. यंगची बायको दहा दिवसांची बाळंतीण. किंबलच्या घरीही बहुतेक सर्व अंथरुणावर. गाडी थोडी पुढे गेल्यावर किंबलने ती थांबविली, दोघे एकमेकांच्या आधाराने गाडीत उभे राहिले, आणि मागे राहिलेल्यांस धीर यावा म्हणून टोप्या हालवून जयघोष केला. ही गोष्ट त्या लोकांत आजही सांगतात, आणि ती सांगण्याजोगीच आहे. पुढे १८५२ च्या ऑगस्टात सॉल्ट लेक शहरी सभेत शंभरावर पुरुषांची नावे वाचण्यात आली. त्यांतील नऊ जण हिंदुस्थानासाठी होते. ते पुढील वर्षी कलकत्त्यास पोहोचले. त्यांच्या आधीच, १८५२ मध्ये, ह्यू फिंडले नावाचा त्यांचा उपदेशक मुंबईस उतरून पुण्यास गेला होता. फार थोडे लोक त्यांस मिळाले, व काही वर्षांतच ते सर्व परत गेले. आमच्या उपदेशक बंधूंस असल्या पिकाची ओळख करून देण्याची गरज नाही.

परंतु ह्याच थोर गोष्टींपासून अडचणही उत्पन्न होते. आजे-पणजे तापाने फणफणत गेले, मग तुला काय झाले, असे अठरा वर्षांच्या पोरास विचारले म्हणजे तो काय उत्तर देणार? यंग व किंबल तेव्हा अडतीस वर्षांचे होते. आपण काय सोडीत आहो हे त्यांस कळत होते. स्पेन्सर किंबल हा त्या मंडळीचा अध्यक्ष असता, १९७४ साली, प्रत्येक योग्य तरुणाने ही सेवा करावी असे त्याने स्पष्ट सांगितले. मुलांच्या बाबतीत ते कर्तव्यच समजतात. मुलींस मात्र ते बंधन नाही. म्हणून मुलीस विचारतात, “जाणार का?” आणि मुलास विचारतात, “कधी जाणार?” ह्या दोन प्रश्नांत किती अंतर आहे, हे ज्याने घरच्या माणसांपुढे “नाही” हा शब्द गिळला आहे त्यालाच ठाऊक.

जाण्याची चांगली कारणे आहेत, ती आम्ही नाकारीत नाही. जे मिळाले ते दुसऱ्यास द्यावे अशी तळमळ असते. आईबापांचा विश्वास आपला स्वतःचा आहे की नाही, हे घराबाहेर पडून पाहावे असेही कित्येकांस वाटते, आणि हे कारण आम्हांस कमी प्रतीचे वाटत नाही. अनोळखी दारी नकार ऐकण्याने माणूस नम्र होतो, परकी भाषा येते. पण आईने रडू नये म्हणून जाणे, लग्नाच्या बाजारात परत आलेल्या मुलाची किंमत चढते म्हणून जाणे, शेजारी कुजबुजतील म्हणून जाणे, ह्यांस काय म्हणावे? जो स्वतः मानीत नाही ते दुसऱ्याच्या दारी जाऊन “मी जाणतो” असे म्हणणे म्हणजे प्रभूच्या नावाने खोटी साक्ष देणे. असा मुलगा घरी राहिला तर तो देवापासून पळाला असे आम्ही म्हणणार नाही. कदाचित त्याने सत्याचा मान राखला असेल. ज्याच्या मनाला आजार आहे, ज्याच्यावाचून घर चालत नाही, त्याच्याविषयी तर बोलावयासच नको. प्रकृतीमुळे जाता न येणाऱ्यांस ती मंडळीही सूट देते, व घरी राहून करण्याजोगी सेवा नेमून देते.

आणखी एक मुलगा आमच्या डोळ्यांपुढे येतो. तो गेला, पण चार-सहा महिन्यांत, दुखण्याने म्हणा, मनाच्या थकव्याने म्हणा, परत आला. ज्यांनी निरोप देताना हार घातले, त्यांस आता काय बोलावे ते कळत नाही. मंदिरात तो मागच्या बाकावर बसतो. बाप त्याच्याशी शेतीभातीचे बोलतो, पण त्या विषयाचे बोलत नाही. अशा घराने मार्काची गोष्ट काढून वाचावी. मार्क पौल व बर्णबा ह्यांच्याबरोबर निघाला आणि पंफुल्यातूनच यरुशलेमेस परत आला. का आला, हे लूकाने लिहिले नाही. पुढे त्याच्यावरून त्या दोघा थोर सेवकांत इतका तंटा झाला की ते वेगळे झाले. पौलाने त्यास नेण्याचे नाकारिले, आणि बर्णबा त्यास हाताशी धरून कुप्रास गेला. वर्षे लोटली. पौल बंदीत पडला, सोबती पांगले, तेव्हा त्याने तीमथ्यास पत्र धाडून मार्कास बरोबर आणावयास सांगितले, कारण सेवेसाठी त्याचा उपयोग होता. त्या पत्रात पंफुल्याचा उल्लेख नाही.