आधी महिना, मग देश

पहिल्या परदेश प्रवासाचा विषय घरात निघाला की बोलणं ठिकाणांपासूनच सुरू होतं. मुलांना सिंगापूर हवं असतं, आईच्या मनात स्वित्झर्लंड असतं, बाबा दुबईवर ठाम असतात कारण जवळ आहे आणि ऑफिसमधले सगळे जाऊन आलेत. आजी म्हणते, कुठेही न्या, फार चालवू नका म्हणजे झालं. मग आठवडाभर प्रत्येक जण आपापल्या ठिकाणाची बाजू मांडत राहतो आणि एक साधी गोष्ट बाजूला पडते. अशा घरात महिना आधीच ठरलेला असतो. त्या महिन्यात कोणता देश पाहण्याजोगा आहे, एवढंच शोधायचं उरतं.

ठाण्यात खोपटच्या एसटी स्टँडवर मे महिन्यात उभं राहिलं की हे लगेच पटतं. बॅगा, पाण्याच्या बाटल्या, सुट्टी लागलेली मुलं, गावाला निघालेले आजी-आजोबा. ठाण्यातलं कुटुंब सगळं मिळून बाहेर पडतं ते याच दिवसांत. दिवाळीची सुट्टी असते, पण लक्ष्मीपूजन घरात हवं, भाऊबीजेला बहिणीकडे जायला हवं. त्यातून उरतात जेमतेम पाच-सहा दिवस, आणि त्या दिवसांची विमानाची तिकिटं महाग. एक भावंड राज्य मंडळाच्या शाळेत आणि दुसरं सीबीएसईच्या, असं असेल तर दोघांची सुट्टी जुळते तीही मे महिन्यातच. म्हणून हे सगळं मे धरूनच लिहितो आहे.

मे महिना आपल्या आसपासच्या समुद्रांसाठी वळणाचा असतो. नैर्ऋत्य मोसमी वारे मुंबई-ठाण्याला साधारण 11 जूनला पोहोचतात, केरळला 1 जूनला, पण अंदमानात ते 22 मेच्या सुमाराला दाखल झालेले असतात. अंदमानच्या समुद्राचा पूर्वेकडचा काठ म्हणजे थायलंडचं फुकेत. आपण इथे घामाने निथळत आभाळाकडे डोळे लावून बसलेलो असतो तेव्हा तिथे समुद्र खवळायला लागलेला असतो. फुकेतच्या वायव्येची सिमिलन बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना बंदच असतात. श्रीलंकेचंही तेच. कोलंबो, गॉल, बेंटोटा हा नैर्ऋत्य किनारा त्याच वाऱ्यांच्या तोंडावर येतो. मधल्या डोंगरांच्या आडोशामुळे पूर्वेचं त्रिंकोमाली मात्र तेव्हा कोरडं असतं, पण पहिल्यांदाच जाणारं कुटुंब सहसा तिकडे जात नाही. कोकणातल्या माणसाला हा पाऊस नवा नाही. आपल्याकडे जो जूनमध्ये येतो तोच तिथे थोडा आधी उतरतो. त्याच्या स्वागताला पैसे खर्चून जाण्यात काय अर्थ?

दुबई मला नावडती नाही. डिसेंबर-जानेवारीत ती प्रसन्न असते. मे महिन्यात मात्र पारा चाळिशीच्या घरात जातो, मिरॅकल गार्डनसारखी उघड्यावरची ठिकाणं उन्हाळ्यापुरती बंद होतात आणि दिवस मॉलमध्ये जातो. मॉल आपल्या ठाण्यातही आहेत. नेपाळला जायला भारतीयांना पासपोर्टही लागत नाही, पण मे महिन्याच्या धूसर हवेत पोखऱ्याहून हिमशिखरं दिसतीलच असं नाही. तिथे दसरा-दिवाळीच्या सुमाराला जावं. जपानमध्ये 29 एप्रिल ते 5 मे हा तिथल्या लोकांच्याच सुट्ट्यांचा आठवडा असतो, तेवढा तरी टाळावा. सिंगापूर विषुववृत्ताला इतकं लागून आहे की तिथे ऋतू फारसे बदलत नाहीत, त्यामुळे ते बाराही महिने चालतं.

युरोप मे महिन्यात खरोखर छान असतो, हे मान्य करायलाच हवं. तिथे अडचण वेगळी आहे. शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट, बँकेचे कागद, लांबचं विमान, आणि मग रोज सकाळी बॅग भरून नवं शहर. पहिल्या खेपेला एवढं सगळं अंगावर घेऊ नये असं मला मनापासून वाटतं, विशेषतः घरात सत्तरीचं माणूस असेल तर.

मग उरतो विषुववृत्ताच्या पलीकडचा भाग. ठाणे उत्तरेला 19 अंशांवर आहे आणि मॉरिशस दक्षिणेला 20 अंशांवर. अंतर जवळजवळ सारखं, दिशा उलट. त्यामुळे ऋतूही उलटे. चक्रीवादळांचा हंगाम तिथे मेच्या मध्यापर्यंत सरलेला असतो, हवा कोरडी आणि सौम्य होते, दुपारी बाहेर फिरता येतं. आपला नोव्हेंबर आठवावा, साधारण तशी हवा. बाली दक्षिणेला आठ-नऊ अंशांवर, तिथेही एप्रिलपासून कोरडे महिने सुरू होतात. मे महिन्यात जाणाऱ्या कुटुंबाने याच दोन बेटांकडे आधी पाहावं.

दोघांत मी मॉरिशसच्या बाजूने आहे. तिथे जाण्यासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, मुंबईहून थेट विमान सुमारे सहा तासांत पोहोचतं आणि घड्याळ फक्त दीड तास मागे करावं लागतं, म्हणजे आजीच्या झोपेचं आणि गोळ्यांचं वेळापत्रक मोडत नाही. पण त्याहून मोठं कारण पोर्ट लुईच्या बंदरावर आहे. 1834 नंतर सुमारे पाच लाख माणसं भारतातून करारावर उसाच्या मळ्यांत राबायला या बेटावर नेली गेली. त्यांना जिथे उतरवलं जाई तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे. त्या माणसांत रत्नागिरीच्या बाजूची मराठी कुटुंबंही होती. त्यांचे वंशज आज घरात बहुधा क्रिओल बोलतात, पण गणपती बसवतात, जाखडी नाचतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. खोपटहून एसटीने कोकणात जाणाऱ्या घरातल्या मुलांनी परदेशात पहिलं पाऊल ठेवावं आणि तिथे जाखडी नाचणारी माणसं असल्याचं त्यांना कळावं, याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. आजीलाही तिथे नातवंडांना सांगण्यासारखं काही सापडेल.

बेट स्वस्त नाही, हे मात्र खरं. शिवाय मे महिन्यात पूर्व किनाऱ्यावर वारा बोचरा असतो, म्हणून मुक्काम उत्तरेला ग्रां बे किंवा पश्चिमेला फ्लिक आं फ्लाकच्या बाजूला धरावा. सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो, तेव्हा सकाळी लवकर निघावं; आपल्या घरांत ते जमतं.

महिना आधी धरला की तयारीचं वेळापत्रकही आपोआप लागतं. मे महिन्यात जायचं तर दिवाळीच्या फराळानंतर सगळ्यांचे पासपोर्ट काढून टेबलावर ठेवावेत. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, त्यामुळे तो बहुतेक वेळा संपत आलेला निघतो. पुष्कळ देश प्रवासानंतर सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. आजीचं आधारवरचं नाव आणि जन्मतारीख बाकीच्या कागदांशी जुळतात का, हेही तेव्हाच पाहावं. दुरुस्तीला आठवडे जातात, आणि जानेवारीत तिकिटं काढायची आहेत.