ममत्व आणि साधारणीकरण : चाहत्यांच्या प्रेक्षागृहाविषयी

१६ एप्रिल १९८८ रोजी जपानमधील चित्रपटगृहांत स्टुडिओ घिब्लीचे दोन अॅनिमेशनपट एकाच तिकिटावर दाखविण्यास प्रारंभ झाला. हायाओ मियाझाकी यांचा 'माय नेबर तोतोरो' आणि इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हे ते दोन चित्रपट. पहिल्यात आई रुग्णालयात असलेल्या दोन बहिणींना रानातला केसाळ, जांभया देणारा वनदेव भेटतो. दुसऱ्यात आई गमावलेली दोन भावंडे १९४५ च्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत उपासमारीने मरतात. पहिल्यातील मेई आणि दुसऱ्यातील सेत्सुको या दोघीही चार वर्षांच्या आहेत. ही सांगड अर्थपुरवठ्याच्या व्यवहारातून घातली गेली, तिच्यामागे कोणतीही सौंदर्यशास्त्रीय योजना नव्हती. तरीही तीमुळे एक विलक्षण परिस्थिती निर्माण झाली. वनदेवासाठी आलेले कुटुंब आणि युद्धाच्या आठवणीसाठी आलेला माणूस हे एकाच अंधारात, एकमेकांच्या खुर्चीला खुर्ची लावून, दोन्ही चित्रपट पाहत होते. त्यांनी एकमेकांची निवड केलेली नव्हती.

याच्या नेमके उलट असे प्रेक्षागृह गेल्या काही वर्षांत प्रस्थापित झाले आहे. तेथे येणाऱ्यांनी चित्रपट तर निवडलेला असतोच, शिवाय सहप्रेक्षकही निवडलेले असतात. २०१६ मध्ये 'किंग ऑफ प्रिझम' या चित्रपटाच्या निमित्ताने जपानमध्ये 'ओएन जोएई', म्हणजे प्रोत्साहनाचे खेळ, लोकप्रिय झाले. प्रेक्षकांनी रंगीत दिव्यांच्या कांड्या हलवाव्यात, पात्रांना हाका माराव्यात, गाण्यांना साथ द्यावी, हे तेथे केवळ क्षम्य नसते; ते अपेक्षितच असते. भारतातही असे प्रेक्षागृह घडले ते चाहत्यांच्या मागणीतून. माकोतो शिनकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' भारतातील पडद्यावर यावा यासाठी चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालविली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो येथे प्रदर्शित झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये 'डीमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल' आला तेव्हा पहाटेचे खेळ लावावे लागले. १९९३ मध्ये दूरदर्शनवर 'जंगल बुक' पाहणाऱ्या मुलांना ती मालिका जपानी आहे याचा पत्ताही नव्हता. तेथून येथपर्यंतचा प्रवास हा संस्कृतीच्या अभ्यासकाचा विषय आहे. प्रस्तुत लेखाचा प्रश्न निराळा आहे. एखाद्या कलाकृतीवर प्रेम करणाऱ्यांनीच भरलेल्या प्रेक्षागृहात त्या कलाकृतीचा आस्वाद अधिक शुद्ध होतो की अधिक बाधित? आणि 'हा चित्रपट आमचा' असे म्हणण्यात काही नैतिक दोष संभवतो काय?

भारतीय काव्यशास्त्राची भूमिका या बाबतीत प्रथमदर्शनी निःसंदिग्ध वाटते. अभिनवगुप्तांच्या मताचा परामर्श घेताना मम्मटाने साधारणीकरणाचे जे वर्णन केले आहे, त्याचा आशय असा की, विभावादींची प्रतीती येताना हे माझे आहेत, शत्रूचे आहेत किंवा तटस्थाचे आहेत असा कोणताच संबंध निश्चित होत नाही. हे माझे नाहीत, शत्रूचे नाहीत, तटस्थाचे नाहीत असाही निश्चय होत नाही. या वर्णनातील दुसरा भाग सहसा दुर्लक्षिला जातो. साधारणीकरण म्हणजे ममत्वाचा नकार, असे सरळ समीकरण मांडले जाते. वस्तुतः तेथे स्वीकार आणि नकार हे दोन्ही स्थगित झालेले असतात. चाहत्याविषयीचा निर्णय म्हणूनच घाईने देता येत नाही. तो ममत्व घेऊन येतो हे खरे, पण केवळ त्यामुळे तो आस्वादास अपात्र ठरत नाही. तटस्थ म्हणून येणाराही तितकाच अपात्र ठरेल. चित्रपट सुरू झाल्यावर त्या ममत्वाचे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

अभिनवगुप्तांनी रसविघ्नांत स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे याचा समावेश केला आहे. त्याच विवेचनात त्यांनी असेही सुचविले आहे की, सर्व सामाजिकांची प्रतीती एकघन होते तेव्हा रसाचा परिपोष अधिक होतो, कारण त्यांच्या वासनांमध्ये संवाद असतो. म्हणजे इतरांची उपस्थिती हे विघ्न नाही. झालाच तर तिचा उपकारच होतो. कांटच्या मीमांसेत रसिक इतरांच्या संमतीची अपेक्षा करतो, पण ते इतर शेजारच्या खुर्चीवर असावेत अशी आवश्यकता नसते. अभिनवगुप्तांचा सामाजिक मात्र खरोखरच नाट्यगृहात बसलेला आहे. मराठी सौंदर्यविचाराने, विशेषतः मर्ढेकरांनंतरच्या, आस्वादकाचा विचार बहुधा एकट्या वाचकाचे प्रतिमान समोर ठेवून केला. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांची जी मांडणी केली, तिच्यातही शेजारी बसलेल्या माणसाला फारसे स्थान मिळालेले नाही.

चाहत्यांच्या समूहाविषयीची अत्यंत कठोर मीमांसा जपानमध्येच झाली आहे. हिरोकी आझुमा यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, 'ओताकू' म्हणून ओळखला जाणारा चाहता आता महाकथन शोधत नाही. तो पात्रांच्या गुणघटकांच्या साठ्यातून आपल्याला रुचणारे घटक उचलतो, आणि ही तृप्ती अन्य माणसाच्या मध्यस्थीवाचून होत असल्यामुळे तिचे स्वरूप पशूच्या गरजपूर्तीसारखे असते. असे चाहते एकत्र येतात ते माहितीच्या देवाणघेवाणीसाठी, आणि त्यातून केव्हाही बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य राखून. ही मीमांसा खोलीत एकट्याने पडदा पाहणाऱ्याला बऱ्याच अंशी लागू पडते. मात्र प्रेक्षागृह तिच्या कक्षेत नीट मावत नाही. घरी चित्रपट थांबविता येतो, मागे नेता येतो, नको तो प्रसंग टाळता येतो. प्रेक्षागृहात दोन तास इतरांच्या काळाशी स्वतःचा काळ जुळवावा लागतो. आवडता घटक वेचून घेण्याची सोय तेथे उरत नाही.

येथे माध्यमाचा एक विशेष ध्यानात घ्यावा लागेल. सेकंदाला चोवीस चौकटी फिरत असल्या तरी जपानी अॅनिमेशनमध्ये एकच चित्र अनेकदा तीन चौकटींपर्यंत धरून ठेवलेले असते. म्हणजे सेकंदाला सुमारे आठच चित्रे. १९६३ पासून दूरचित्रवाणीच्या मालिकांसाठी काटकसर म्हणून रूढ झालेली ही पद्धत पुढे शैलीत परिणत झाली. लहान पडद्यावर हे थांबणे जाणवत नाही, किंवा उणीव म्हणून जाणवते. मोठ्या पडद्यावर पात्र स्तब्ध असते, रंगविलेली पार्श्वभूमी डोळ्यांत भरते आणि त्या स्तब्धतेला लांबी येते. मियाझाकी यांनी आपल्या चित्रपटांतील अशा रिकाम्या क्षणांसंदर्भात 'मा', म्हणजे दोन क्रियांमधील अंतराळ, या जपानी संकल्पनेचा उल्लेख केला आहे. 'तोतोरो'त दोघी बहिणी पावसात बसची वाट पाहत उभ्या असतात, तेव्हा छत्रीवर पडणाऱ्या थेंबांखेरीज फारसे काही घडत नाही. घरात ही शांतता म्हणजे आवाजाचा अभाव असतो. भरलेल्या प्रेक्षागृहात मात्र ती शेकडो माणसांनी मिळून निर्माण केलेली असते. त्यांपैकी कोणीही एक जण ती मोडू शकतो, आणि मोडत नाही. 'एकघन' या शब्दाचा अनुभवात्मक अर्थ शोधायचा झाल्यास तो येथे सापडतो. ही शांतता कोणा एकाच्या मालकीची नसते.

जल्लोषाचे काय? प्रोत्साहनाच्या खेळांकडे पाहून नाक मुरडणे सोपे आहे, आणि मराठी समीक्षकाला तर ते अंगवळणीही पडलेले आहे. संगीत रंगभूमीवरील 'वन्स मोअर'मुळे नाटकाचा बंध तुटतो, मृत पात्राला पुन्हा उठून गावे लागते, अशी तक्रार पिढ्यान्‌पिढ्या होत आली. ती तक्रार खरी होती. पण तेथे बदलत होता तो प्रयोग. पडद्यावरचे पात्र हाकेने वळत नाही. चाहत्याची आरोळी चित्रपटाला स्पर्शही करीत नाही, ती फक्त शेजाऱ्याला ऐकू जाते. दिसण्यात ती पात्राला उद्देशून असते, प्रत्यक्षात मात्र सहप्रेक्षकाला. 'मलाही हे आवडते' हे सांगण्याची ती रीत आहे, आणि एवढ्यापुरती ती निरुपद्रवी व काहीशी हृद्यही आहे. अडचण पुढे येते. 'माझे' या भावनेचे विसर्जन होण्याऐवजी तिचे 'आमचे' होते. 'माझे' निदान आपली मर्यादा जाणून असते. 'आमचे'ला मात्र आपण सार्वत्रिक असल्याचा भ्रम सहज होतो. साधारणीकरण आणि गटबांधणी यांचे बाह्य रूप सारखेच असल्याने हा भ्रम ओळखणे कठीण जाते.

'इन्फिनिटी कॅसल'चा उत्तरार्ध या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. 'मुगेन ट्रेन' या २०२० मधील चित्रपटात प्रेक्षकांच्या लाडक्या रेंगोकूला अकाझा या दैत्याने ठार केले होते. नव्या चित्रपटात त्याच अकाझाशी द्वंद्व होते. चाहत्यांचे प्रेक्षागृह येथे पक्ष घेऊनच बसलेले असते: हे आपले, तो शत्रूचा. चित्रपट या पक्षपाताला यथेच्छ खाद्य पुरवतो. आणि मग, दैत्याचे शिर उडाल्यानंतर, कथा त्याच्या मानवी जन्मात जाते. आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करणारा मुलगा. लेकाने चोरी करून आपल्याला जगवू नये म्हणून गळफास घेणारा बाप. आसरा देणारा गुरू आणि त्याची आजारी मुलगी कोयुकी. विहिरीत कालवलेले विष. सूड म्हणून हाकुजीने केलेला संहारही चित्रपट लपवीत नाही. स्मृती परत आल्यावर तो स्वतःवरच प्रहार करतो आणि नष्ट होणे स्वीकारतो. 'शत्रूचे' हा संबंध येथे स्थगित होतो, तोही ज्यांनी तो सर्वांत घट्ट धरला होता त्यांच्याच मनात.

यावर आक्षेप घेता येईल. कोयोहारु गोतोगे यांची मूळ चित्रकथा २०२० मध्येच पूर्ण झाली होती. चाहत्यांना हे सारे ठाऊक असते. मग हे परिवर्तन म्हणजे ठरलेल्या ठिकाणी ठरलेले रडणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे, परंतु त्याची धार वाटते तितकी तीव्र नाही. रामकथा ऐकणाऱ्याला सीतेचे पुढे काय होणार हे ठाऊक असतेच. पूर्वज्ञानाने कुतूहल संपते, करुण संपत नाही. उलट, दैत्य पुढे कोण ठरणार हे जाणूनही तासभर त्याच्या वधासाठी ओरडणारा चाहता एका अधिक अवघड जागी उभा असतो. नवख्याला आपले ओरडणे अज्ञानावर ढकलता येते. चाहत्याला ती सोय नाही.

'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' तर प्रत्येक प्रेक्षकाला जाणत्याच्या जागी बसवतो. कोबेच्या सान्नोमिया स्थानकात सेइताच्या मृत्यूनेच चित्रपट सुरू होतो, आणि त्यानंतर तांबूस प्रकाशातील त्याचा आत्मा स्वतःच्याच गेलेल्या आयुष्याचा प्रेक्षक बनतो. तो पाहतो, हस्तक्षेप करू शकत नाही. प्रेक्षकाच्या अगतिकतेचे इतके थेट रूप क्वचितच पडद्यावर आले असेल. आता, अशा चित्रपटाला चाहते असावेत, त्यांनी तो एकत्र पाहावा आणि 'आम्ही सगळे रडलो' ही त्यांची ओळखखूण व्हावी, यात काहीतरी खटकते. ही खंत दुसऱ्याच्या दुःखाचा आस्वाद घेण्याविषयीची नाही. तो प्रश्न करुणाइतकाच जुना आहे. सामूहिक अश्रू येथे नेमके काय पुसून टाकतात, ही ती खंत आहे. ताकाहातांनी आपल्या चित्रपटाला केवळ युद्धविरोधी म्हणण्यास नकार दिला होता. सेइता नात्यातील स्त्रीच्या घरातून मानीपणाने बाहेर पडतो, माणसांपासून तुटतो, आणि त्याची किंमत बहीण देते, ही बाजू त्यांना महत्त्वाची वाटत होती. मूळ कथा १९६७ मधील, अकियुकी नोसाका यांची. युद्धकाळात त्यांची धाकटी बहीण उपासमारीने गेली, आणि तिच्या वाट्याचे अन्न आपण खाल्ले ही बोच त्यांनी पुढे बोलून दाखविली. म्हणजे या कलाकृतीच्या मुळाशी आत्मारोप आहे. प्रेक्षागृह एकजुटीने रडते तेव्हा त्या आरोपाचा सहज निकाल लागतो: भाऊ निर्दोष, नात्यातील ती स्त्री दुष्ट, युद्ध वाईट. एकघनता येथे रसाला पोषक ठरली असेल, पण विवेकाला ती पोषक ठरली असे म्हणवत नाही. हे वाचन चुकीचे असल्याचे सांगणारा प्रेक्षक त्या अंधारात असलाच, तर त्याचे कोरडे डोळे हृदयशून्यतेचे लक्षण मानले जातात.

आणि म्हणून चाहत्यांच्या प्रेक्षागृहाची परीक्षा जल्लोषाच्या मोजमापाने होत नाही. ती तेथे चुकून आलेल्या माणसावर होते. मित्राच्या आग्रहाने आलेला, पात्रांची नावे न कळणारा, हाकुजीच्या स्मृतिप्रसंगात भलत्याच ठिकाणी हसणारा असा तो असतो. त्याला 'शू' म्हटले जाते. हा उच्चार दोन अगदी भिन्न गोष्टींचा असू शकतो. एक तर सर्वांनी मिळून घडविलेली, त्याचाही वाटा असलेली शांतता राखण्याची विनंती. किंवा आपल्या मालमत्तेत शिरलेल्याला दिलेली समज. कानाला दोन्ही सारखेच लागतात. पहिल्या अर्थाने उच्चारले गेले असेल तर चित्रपट संपल्यावर त्याला का हसू आले हे कोणीतरी विचारते, आणि त्याच्या उत्तरात क्वचित असे काही निघते की जे दहा वेळा पाहणाऱ्यांच्या ध्यानात आलेले नसते. १९८८ च्या त्या प्रेक्षागृहांत हे विचारण्याचीही गरज नव्हती. तेथे तोतोरोसाठी आलेला सेत्सुकोच्या मृत्यूसमोर परकाच होता, आणि युद्ध आठवण्यासाठी आलेला माणूस तोतोरोच्या पोटावर झोपलेल्या मेईसमोर.