चरबीचं कुलूप

माझ्या मामांना मधुमेहासाठी पायोग्लिटाझोनची गोळी सुरू झाली आणि वर्षाच्या आत त्यांच्या साऱ्या पँटी कमरेत सैल करायला शिंप्याकडे गेल्या. घरात निवाडा लगेच झाला : चोरून खातात. मामींनी बर्फीचा डबा कपाटात टाकला आणि किल्ली कमरेला खोचली. मामा बिचारे ताटातली अर्धी भाकरी मागे सारायचे, तरी ढेरी हटेना. पुढे डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी कागद पाहून विचारलं, "या गोळीनं वजन वाढतंच. त्यांना कशाला बोलता?" मामी दोन दिवस गप्प होत्या.

ही गोळी पेशीतल्या 'पीपार-गॅमा' नावाच्या ग्राहकाला जाऊन चिकटते. त्याला कुलूप म्हणू. ते उघडलं की कोऱ्या पेशींना चरबी साठवणाऱ्या पेशी होण्याचा हुकूम सुटतो. स्निग्धांश आपल्या कोठारात जाऊन बसतात, शरीर इन्सुलिनला दाद देऊ लागतं, साखर उतरते. घेर मात्र वाढतो. इथे जिभेचा संबंध कुठे आला?

२००६ साली कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या विद्यापीठात फेलिक्स ग्रून आणि ब्रूस ब्लूमबर्ग यांनी दाखवलं, की हेच कुलूप ट्रायब्युटिल टिननंही उघडतं. हे औषध नव्हे, विष. जहाजांच्या बुडाला शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात घालायचं. त्यानं समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटतात, हे आधीपासून ठाऊक होतं. गाभण उंदरिणींना ते दिलं, तर पिल्लं यकृतात आणि अंगात जादा चरबी घेऊनच जन्मली. २०१३ मध्ये त्याच प्रयोगशाळेनं पणतवंडांपर्यंतचा हिशेब मांडला. विष प्यायली पणजी, चरबी दिसली पणतवंडांत. अशा द्रव्यांना ब्लूमबर्ग यांनी 'ओबेसोजेन' म्हटलं. टिनचे भाऊबंद घरातलं पीव्हीसी टिकाऊ करायलाही वापरतात.

बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, याची गोष्ट मला जास्त चीड आणते. १९३० च्या दशकात चार्ल्स डॉड्स लंडनमध्ये कृत्रिम स्त्री-संप्रेरक शोधत होते, तेव्हा त्यांनी हे तपासलं. गुण होता, पण कमजोर. म्हणून मागे पडलं. पुढे त्यातूनच पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या आणि डबाबंद अन्नाच्या डब्यांचे आतले थर बनू लागले. संप्रेरकासारखं वागतं हे आधी कळलेलं, बाटली नंतरची! १९९८ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत उंदरांचे पॉलिकार्बोनेटचे पिंजरे चुकून फरशीच्या साबणानं धुतले गेले आणि माद्यांच्या अंड्यांतली गुणसूत्रं बिघडलेली दिसली. पिंजऱ्यातून बीपीए सुटत होतं. तारेच्या घासणीनं जुनी बाटली खसाखसा घासताना हे आठवावं.

माणसांतला पुरावा एवढा ठाम नाही. २०१८ मध्ये आहार पाळून वजन घटवलेल्या ६२१ जणांच्या रक्ताचा अभ्यास निघाला. अन्न न चिकटणारी भांडी बनवताना आणि तेलकट खाण्याच्या कागदांना लावायला वापरतात ती फ्लोरिनयुक्त द्रव्यं ज्यांच्या रक्तात जास्त, त्यांचं वजन, विशेषतः बायकांचं, जास्त परत आलं. बसल्या जागी जळणारी ऊर्जाही त्यांच्यात कमी भरली. हा संबंध झाला, सिद्धता नव्हे. तूप-साखर निर्दोष सुटली, असंही कुणी समजू नये.

माझी तक्रार वेगळी आहे. असले शोध आले की 'हे टाळा, ते टाळा' अशी यादी निघते आणि ती पुन्हा मामींच्याच गळ्यात पडते. जहाजांचा तो रंग गृहिणींनी थांबवला नाही. २००८ साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय करारानं थांबवला. बाळांच्या बाटल्यांतून बीपीए हटवायला आपल्याकडे २०१५ साली मानक बदलावं लागलं. मग 'बीपीए-मुक्त' ही अक्षरं मिरवू लागली आणि काही मालात त्याच्या जागी त्याचाच चुलतभाऊ बिस्फेनॉल एस येऊन बसला. हे ओळखायची सोय स्वयंपाकघरात कुठून असणार?

यंदा फराळाला गेलो तेव्हा मामींच्या कमरेला किल्ली नव्हती. चिवडा मात्र कढईतून थेट आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात चालला होता. तो डबा पॉलिप्रॉपिलीनचा, त्यात बीपीए नसतं. दुसरं काय आहे, ते डब्यावर लिहिलेलं नाही.

"मामी, निवू द्या की जरा."

"निवेपर्यंत उरतोय का तुझ्या मामांपुढे?"