पाठीमागचा दिवा

गाडीला मागे दिवा असतो आणि तो गाडी चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही, ही गोष्ट काही गूढ नव्हे. तरीही तिचा नीट विचार मी आयुष्यात एकदाच केला होता, आणि तो नकोसा झाल्यामुळे अर्ध्यावर सोडून दिला होता. तो पुन्हा करण्याची पाळी आली ती शिकागोजवळच्या एका उपनगरात, भाच्याच्या गॅरेजमध्ये, हातात विजेरी धरून उभा असताना.

भाच्याने एक जुनी मियाटा विकत घेतली आहे. माझदा कंपनीची ही दोन माणसांची, छप्पर मागे टाकता येणारी छोटी स्पोर्ट्‌स कार 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्याच मोटार-प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. भाच्याची गाडी त्या पहिल्या घडणीची. घोडा आणि स्वार यांनी एकजीव व्हावे, ही जपानी कल्पना तिच्या रचनेमागे आहे, असे त्याने मला पहिल्या दिवशीच सांगितले आणि शेजारी बसवून ते पटवूनही दिले. माझ्या बहिणीने मात्र गाडीचे छायाचित्र पाहून फोनवर एवढेच विचारले, "दोघांचीच गाडी? मग तिसऱ्याने काय मागून पळत यायचं?" हा मागून येणारा तिसरा माणूस पुढे आमच्या बोलण्यात सारखा डोकावत राहिला.

या गाडीचा मागचा दिवा मोठा देखणा आहे. लांबट, कडांना गोलाई दिलेला, नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो आपल्या संग्रहात ठेवला आहे. गाडीचा नव्हे, नुसत्या दिव्याचा हा मान! पण संग्रहालयातला दिवा सावलीत राहतो. भाच्याच्या गाडीवरच्या दिव्याने तीस वर्षे ऊन खाल्ले होते. त्याचे प्लास्टिक धुरकटले होते, रबराची कड कडक होऊन पावसाचे पाणी डिकीत उतरू लागले होते. आत जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब. एकाच काचेत दोन तारा: एक सुमारे 8 वॉटची, रात्रभर मंद जळणारी, दुसरी सुमारे 27 वॉटची, ब्रेक दाबला की पेटणारी. भाच्याने ठरवले की हे सगळेच काढून टाकायचे आणि एलईडीचे नवे दिवे बसवायचे.

नवे दिवे आले. काजळी धरल्यासारखी काळी काच, आत बारीक लाल रेघ, आणि वळणाची खूण म्हणून आतून बाहेर धावत जाणारा उजेड. (हा धावता उजेड नवा नव्हे, फोर्डच्या थंडरबर्ड गाडीवर तो 1965 सालीच होता, आणि तेव्हा तो पळवायला एक चिमुकली मोटर लागे.) दिवे सुंदर होते, यात वाद नाही. पण खोक्याच्या बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापले होते की ही वस्तू केवळ प्रदर्शनासाठी आहे, सार्वजनिक रस्त्यासाठी नाही. अमेरिकेत असे दिवे नियमाप्रमाणे आहेत याची ग्वाही बनवणाऱ्यानेच द्यायची असते, आणि त्याची खूण म्हणून काचेवर 'डीओटी' ही अक्षरे उमटवलेली असतात. या काचेवर ती नव्हती. आणखीही एक गोष्ट नव्हती, ती मला भाच्यानेच दाखवली. जुन्या दिव्याच्या एका भागात बारीक पैलू पाडलेले लाल प्लास्टिक होते. त्याला वीज लागत नाही. गाडी अंधारात बंद उभी असली, बॅटरी मेलेली असली, तरी मागून येणाऱ्याचाच उजेड ते त्याच्याकडे परत पाठवते. नव्या दिव्यात ती जागा नुसती काळी होती.

"मग हे बसवणार तू?" मी विचारले.

"गाडी माझी, पैसे माझे," तो म्हणाला. "आणि मामा, तुम्ही पुण्याला गॅलरीत आकाशकंदील लावता, तो कुणाला विचारून लावता?"

प्रश्न मला आवडला, आणि अडचणीचाही वाटला. आकाशकंदील हा खरोखर मागच्या दिव्याचा सख्खा भाऊ आहे. घरातल्या माणसाला तो सर्वांत कमी दिसतो. जुन्या श्रद्धेप्रमाणे तो पितरांना वाट दाखवण्यासाठी, आताच्या व्यवहाराप्रमाणे समोरच्या बिऱ्हाडासाठी आणि रस्त्याने जाणाऱ्यासाठी. लहानपणी आजोळी बैलगाडीच्या खाली, आसाजवळ, कंदील बांधलेला मी पाहिला आहे. तो ना बैलांना वाट दाखवी, ना गाडीवानाला. तो होता मागून येणाऱ्याला कळावे म्हणून. स्वतःच्या तेलाने दुसऱ्यासाठी दिवा जाळायचा ही रीत आपल्याकडे काही आजची नाही. मग त्या तेलाचा रंग कसा असावा, काच कोणती असावी, हे जाळणाऱ्याने का ठरवू नये?

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला उत्तर सुचले. (माझी उत्तरे नेहमी उशिरा येतात, वकिली केली नाही हे बरे झाले.) आकाशकंदील हिरवा असो की जांभळा, तो काही सांगत नाही. तो नुसता आनंद आहे. मागचा दिवा मात्र शब्द आहे. मंद लाल म्हणजे 'मी इथे आहे'. प्रखर लाल म्हणजे 'मी थांबतो आहे, तूही थांब'. लुकलुकणारा म्हणजे 'मी वळतो आहे'. हे शब्द त्या गाडीवाल्याने घडवलेले नाहीत. साऱ्या जगाने मिळून ठरवलेले आहेत. मी माझ्या तोंडाने बोलतो, श्वास माझा खर्चतो, म्हणून 'हो'चा अर्थ 'नाही' करण्याची मुभा मला मिळत नाही. हस्ताक्षर माझे असू शकते. भाषा सर्वांची असते. आणि जे अक्षर इतके वळणदार काढले की वाचताच येत नाही, ते लिहिले असे म्हणायचे का?

सकाळी चहा घेताना मी हे सगळे मोठ्या उत्साहाने त्याला ऐकवले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग एका वाक्यात माझी हवा काढली. "मामा, तारेचा बल्ब लगेच पेटत नाही."

गोष्ट खरी आहे. तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा जातो. एलईडी, व्यवहारापुरते बोलायचे तर, त्याच क्षणी पेटतो. ताशी शंभर किलोमीटर वेगाने मागून येणारी गाडी तेवढ्या वेळात साडेपाच मीटर पुढे आलेली असते. मियाटाची लांबी चार मीटरच्याही आत. म्हणजे नवा दिवा लावणारा मागच्या अनोळखी माणसाला एक अख्खी मियाटा मावून वर थोडी उरेल इतकी जागा बहाल करतो, आणि तीही नकळत! मुलाला हवी होती ऐट. दान पडले ते दुसऱ्याच्या पदरात. हेतू हलका आणि फळ मोलाचे, असे झाले म्हणजे आपण नीतीच्या कोणत्या रकान्यात ते मांडायचे?

या फळाचे मोलही वाटते तितके पक्के नसते. अमेरिकेत 1974 साली जॉन व्होएवोडस्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींवर मागच्या बाजूला मधोमध ब्रेकचा आणखी एक दिवा बसवून पाहिला, आणि मागून धडकण्याचे अपघात निम्म्याहून अधिक घटलेले आढळले. 1986 च्या मोटारींपासून तिथे हा तिसरा दिवा सक्तीचा झाला. 1998 साली सरकारी खात्याने हिशेब केला तेव्हा दीर्घकाळचा फायदा उरला होता फक्त 4.3 टक्के. दिवा तोच होता. डोळ्यांना त्याची सवय झाली होती. नवेपणाने लक्ष वेधून घेणे ही उसनवारी आहे, ती फार काळ चालत नाही. तरीही चार टक्के म्हणजे प्रत्यक्षात पुष्कळ माणसांच्या माना आणि कंबरा, हे विसरता येत नाही.

दुपारी भाच्याने नवे दिवे पक्के न बसवता नुसत्या वायरी जोडून पाहिल्या. वळणाचा दिवा लावला तर तो भलत्याच घाईने लुकलुकू लागला. कारण मोठे मौजेचे निघाले. जुना बल्ब विजेचा बराच प्रवाह ओढतो. एखादा बल्ब उडाला की प्रवाह घटतो, आणि लुकलुक घडवणारा रिले घाईने टिकटिकू लागतो. चालवणाऱ्याला समजावे म्हणून केलेलीच ही सोय. एलईडीला प्रवाह इतका थोडा लागतो की गाडीला वाटते, मागचा दिवा मेला. यावर उपाय दोन. एक रेझिस्टर जोडून वाचवलेली वीज नुसती उष्णतेत घालवायची. तो इतका तापतो की प्लास्टिकला टेकवून ठेवला तर ते वितळेल. किंवा रिलेच बदलून असा घालायचा, की जो प्रवाहाकडे पाहतच नाही. भाच्याने दुसरा मार्ग पसंत केला.

"म्हणजे उद्या हा दिवा खरोखर गेला, तर तुला गाडी सांगणार नाही," मी म्हणालो.

"नाही सांगणार."

त्याच्या आवाजात काही विशेष नव्हते. पण मला तिथल्या एका खोक्यावर बसावे लागले, आणि मग मी त्याला जे सांगितले, ते त्याच्या आईलाही ठाऊक नाही.

1988 च्या पावसाळ्यात, पुण्याला कर्वे रस्त्यावर, एक कुत्रे आडवे आले म्हणून मी माझी जुनी मोटार एकदम थांबवली. मागून लूनावर येणारा एक कॉलेजातला मुलगा डिकीवर आदळला. गळ्याचे हाड मोडले. जमलेल्या लोकांनी त्यालाच दोष दिला. मागचा नेहमीच चुकतो, असा रस्त्यावरचा न्याय आहे. मुलानेही वेदनेत असताना माझी क्षमा मागितली. मी त्याला दवाखान्यात नेले, बिल भरले. दोन दिवसांनी त्याचे वडील पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले, हात जोडून म्हणाले की दुसरा असता तर भरपाई मागितली असती. आम्ही ते पेढे खाल्ले. चौथ्या दिवशी डिकीचा पत्रा ठोकायला गाडी टाकली, तेव्हा मिस्त्री म्हणाला, "साहेब, ब्रेकचे दोन्ही बल्ब उडालेत. एक तर केव्हाचाच काळा पडलाय."

धडकेने उडाले असतील, असे मी स्वतःला सांगून पाहिले. एकाच्या बाबतीत ते शक्यही होते. काळ्या पडलेल्या बल्बाच्या बाबतीत नव्हते. मुलाचा पत्ता माझ्या खिशातल्या डायरीत होता. मी गेलो नाही.

मला ठाऊक नव्हते, हा माझा बचाव होता आणि तो खराही होता. आपल्याकडे जाणता-अजाणता घडलेल्या पापांची क्षमा एका दमात मागण्याची सोय आहे, आणि अजाणता घडलेले नेहमी हलके धरतात. पण अजाणतेपणाचेही प्रकार आहेत. डोंगरापलीकडे काय आहे हे मला ठाऊक नसणे वेगळे. माझ्याच पाठीवर काय लिहिले आहे, जे रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसते आहे, ते मला ठाऊक नसणे वेगळे. पुढल्याच वर्षी, 1989 साली, केंद्रीय मोटार वाहन नियम आले. त्यात मागचा लाल दिवा किती शक्तीचा असावा असे न सांगता तो मागून 155 मीटरवरून दिसला पाहिजे, असे म्हटले होते. मी ते वाचले आणि मला बरे वाटले नाही. नियम करणारा माणूस माझ्या आसनावर बसला नव्हता; तो 155 मीटर मागे, त्या मुलाच्या लूनावर बसला होता. मी चार दिवसांत एकदाही तिथे जाऊन बसलो नव्हतो, आणि कळल्यावर तर मुळीच नाही. बल्ब उडाला हा योग. न पाहणे हा आळस. पण पाचव्या दिवशीचे माझे गप्प बसणे, याला मला अजून सौम्य शब्द सापडलेला नाही.

भाचा बराच वेळ हातातला पाना फिरवत राहिला. मग म्हणाला, "तो आता पन्नाशी ओलांडलेला असेल." एवढेच. त्याने मला दोष दिला नाही आणि धीरही दिला नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

ते काळे दिवे त्याने परत पाठवले. माझ्या कहाणीमुळे पाठवले असे लिहायला मला आवडले असते. पण खरे कारण असे की डावा दिवा पत्र्याच्या गोलाईला नीट बसत नव्हता आणि फट राहत होती. दुसरे मागवले ते महाग पडले. तेही एलईडीचेच, पण काच लाल, वळणाचा दिवा पिवळा, पैलू पाडलेला तुकडा जागच्या जागी आणि काचेवर ती तीन अक्षरे. जुने दिवे त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले. आतल्या बाजूने नट आवळताना बोटे जेमतेम शिरतात. एक नट डिकीत पडला तो शोधण्यात अर्धा तास गेला.

संध्याकाळी गाडी गॅरेजबाहेर काढून रस्त्याच्या कडेला उभी केली. थंडी पडली होती. ब्रेक दाबायचा तर आत बसावे लागते, आणि आत बसले तर मागचा दिवा दिसत नाही. म्हणून मला मागे उभे राहायला सांगितले. मी मफलर गुंडाळून साठ पावले मोजत गेलो.

"मामा, लागला?"

"लागला."

"डावा?"

"डावा लागला."

"उजवा?"

"तोही."

"आता सोडतो. मंद झाला का बघा."

झाला होता. पण रस्त्यावरच्या खांबाचा उजेड मध्ये येत होता, आणि तो खाली उतरून स्वतः पाहील असे काही दिसत नव्हते. मी म्हटले, "थांब, पुन्हा एकदा दाब," आणि आणखी मागे, खांबापलीकडच्या अंधारात चालत गेलो.