सोन्याची वीट आणि यमाचा दिवा

परवा एका रविवारी सकाळी मी मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये फिरावयास गेलो. फिरावयास म्हणजे वाटाड्याबरोबर, चक्क पैसे भरून! ज्या शहरात हयात गेली तेच पाहण्यासाठी पैसे मोजावयाचे, याचे मला हसूच येत होते. पण भाच्याने हट्ट धरला, आणि मामाला नाही म्हणवेना.

वाटाड्या तरुण आणि चुणचुणीत होता. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेल्या मातीची भर समुद्रात घालून ही २२ एकर जमीन कशी तयार झाली, आणि गेटवे ऑफ इंडियाचा रचनाकार जॉर्ज विटेट याने इथल्या इमारतींना एकसारखे रूप कसे दिले, हे त्याने छान सांगितले. आम्ही दहा-बारा जण माना उंच करून पाहत होतो. शेवटी गोदीच्या बंद दरवाजाजवळ त्याने आम्हांला उभे केले आणि आवाज खाली आणला.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. पोटात सुमारे १४०० टन स्फोटके, आणि त्यांच्या सोबतीला कराचीहून भरलेल्या कापसाच्या गासड्या! दुपारी आग लागली, चारच्या सुमारास जहाज फुटले, अर्ध्या तासाच्या आत पुन्हा एकदा फुटले. जहाजावर सोन्याच्या विटांच्या ३१ पेट्याही होत्या, असे वाटाड्याने सांगितले मात्र, सगळ्यांचे डोळे लकाकले. “सापडल्या का हो त्या?” हा प्रश्न प्रथम मीच विचारला.

वाटाड्या रंगात आला. कुठल्याशा घराचे छप्पर फोडून वीट आत कशी पडली, घरमालकाने ती प्रामाणिकपणे कशी परत केली, हे त्याने रंगवून सांगितले. तेवढ्यात भाच्याने विचारले, “आणि माणसं किती मेली?”

अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, हे वाटाड्याला तोंडपाठ होते. १४ एप्रिल हा दिवस देशभर त्यांच्या स्मरणार्थ पाळतात. पण एकूण किती? कोणी ८०० म्हणते, कोणी १३००. पोर बोलून गेले, “पेट्या बरोबर मोजल्या, आणि माणसं नाही?”

वाटाड्या हसला. मला मात्र हसू आले नाही. पेट्यांची यादी होती, जवानांचा हजेरीपट होता. गोदीतला मजूर त्या काळी टोळीवाल्याच्या मर्जीने रोजच्या रोज लागायचा. आज काम, उद्या नाही. त्याची रीतसर नोंद व्हावी म्हणून कायदा झाला तो १९४८ साली. ज्याचे नाव जिवंतपणी कुठल्याच वहीत नाही, त्याला मेल्यावर मोजणार तरी कसे?

मग अशा जागी हौसेने फिरावयास यावे की येऊ नये? घरी येताना मी याच विचारात होतो. दुसऱ्याच्या मरणाची गोष्ट ऐकून वर चहा प्यायचा, यात काही तरी चुकते आहे असे वाटे. पण आलोच नसतो, तर हे मला कळले तरी असते का? कुतूहल हे पाप नव्हे. दुःखाच्या दारापर्यंत पुष्कळदा तेच आपल्याला नेते. वाटाड्यालाही दोष देववत नाही. आम्हांला जे ऐकावयाचे होते, ते त्याने ऐकवले.

दोष कुठे होता, ते मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सापडले. त्या दरवाजापाशी स्टुलावर एक पहारेकरी बसला होता. छायाचित्रात तो मध्ये येत होता, म्हणून मीच त्याला म्हणालो होतो, “जरा बाजूला व्हा हो.” तो मुकाट्याने उठून उन्हात उभा राहिला. तो कुठला, किती वर्षे तिथे आहे, हे आम्हां दहा-बारा जणांपैकी कोणीही विचारले नाही. मेलेल्या हमालांच्या नोंदीबद्दल हळहळणारा मी, समोरच्या जिवंत माणसाला मात्र चौकटीबाहेर काढून मोकळा झालो होतो!

धनत्रयोदशीला आपण सोने घेतो. आणि त्याच संध्याकाळी आजी दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी कणकेचा दिवा लावायची. घरात कोणाला अपमृत्यू येऊ नये, म्हणून. एकाच दिवशी सोने आणि यम, हे लहानपणी मला विचित्र वाटे. आता वाटते, आपले डोळे सोन्याकडेच लागून राहू नयेत, याची सोय जुन्या माणसांनी करून ठेवली असावी.

यंदा तो दिवा भाच्याच्या हातून लावून घेणार आहे. दिवा घरच्यांसाठी असतो, हे खरे. पण तो घराबाहेर ठेवतात, हेही खरे. आणि दिवाळी सरली की त्या दरवाजापाशी पुन्हा जाणार आहे. या खेपेला वाटाड्या नको. त्या पहारेकऱ्याला नाव विचारावयाचे आहे.